कॉफीच्या पिशवीला झिप की टिन-टाय?

भाजलेल्या बियांतून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. त्यामुळे २५० ग्रॅमच्या पिशवीला एकदिशा व्हॉल्व्ह (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप) आणि वरचं हीट सील (उष्णतेने चिकटवलेलं तोंड) दोन्ही पर्यायांत लागतंच. खरा फरक पडतो तो पिशवी फोडल्यावर.

झिप नीट बसली तर हवा बऱ्यापैकी अडवते. तिची खरी वैरी म्हणजे दळलेली कॉफी: बारीक पूड खाचेत अडकते, एखादा कोपरा उघडा राहतो आणि वरून ते दिसतही नाही. म्हणून खाच कोरड्या फडक्याने पुसा, हवा दाबून काढा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिमटीत दाबत जा.

टिन-टाय म्हणजे तारेची पट्टी. तोंड तीन-चारदा घट्ट गुंडाळायचं, टोकं मागे दुमडायची. ती स्वस्त आहे, साध्या पिशवीवर नंतरही चिकटवता येते, पुडीचं वावडं नाही. पण ही नुसती घडी आहे, सील नव्हे. पिशवीच्या बाजूच्या चुण्यांतून हवा शिरतेच. आठवड्यात संपणाऱ्या बियांना चालेल, कोकणातल्या पावसाळ्यात दळलेल्या कॉफीला अजिबात नाही.

झिपची पिशवी घेताना फाडायची खाच झिपच्या वर आहे ना, ते बघा. खाली असेल तर पहिल्याच फटक्यात झिप कचऱ्यात.