हप्ता रिकाम्या जागेचा, घर आमचं

फेब्रुवारी २०२५ मध्ये लेंडरचं, म्हणजे घराचं कर्ज देणाऱ्या कंपनीचं, पत्र आलं. एप्रिलपासून घराचा हप्ता ३,९४२ डॉलर. तोवर आम्ही २,६६८ भरत होतो. पत्र चुकून दुसऱ्याचं आलं असेल म्हणून मी वरचं नाव दोनदा वाचलं. नाव आमचंच होतं.

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत राहतो. इकडे घरं किती वेगाने उगवतायत ते बघायचं तर अमेरिकेच्या जनगणना खात्याचे आकडे पुरेत: २०२३ मध्ये देशात सगळ्यात वेगाने वाढलेलं शहर इथलं सेलिना, २०२४ मध्ये इथलंच प्रिन्स्टन. प्रिन्स्टनला तर पाणी आणि रस्ते पुरेनात म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या घरांच्या परवानग्याच काही काळ थांबवल्या. आमची वसाहत याच पट्ट्यात, पण शहराच्या हद्दीबाहेर. हे हद्दीबाहेर असणं किती महाग पडतं ते पुढे येईलच.

बिल्डरचं नाव लिहीत नाही. मॉडेल होममध्ये, म्हणजे दाखवायच्या नमुना घरात, बिस्किटांचा वास, थंड पाण्याच्या बाटल्या आणि अतिशय गोड बोलणारी सेल्सची बाई. घर ४ लाख ८० हजारांचं. तिने एक रंगीत कागद पुढे सरकवला. २० टक्के रोख भरलं की हप्ता २,४३४, त्यात कर आणि विमा धरून. "तुम्ही भाडं किती भरता?" असं तिने विचारलं. आम्ही २,३०० भरत होतो. ती नुसती हसली. तिथेच आमचा निकाल लागला.

आता त्या कागदाची चिरफाड करतो. पहिल्या वर्षी व्याज साडेचार टक्के, दुसऱ्या वर्षी साडेपाच, तिसऱ्यापासून कायमचं साडेसहा. ही सवलत बिल्डरच्याच लेंडरकडून कर्ज घेतलं तर. हे तिने नीट सांगितलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुद्दल-व्याजाचा हप्ता १,९४६ वरून २,१८० आणि मग २,४२७ होणार, हे आम्ही वहीत मांडून ठेवलं होतं. विमा महिना ३०० धरला होता. उरला कर. महिना १८८. तो आम्ही मांडला नाही, कागदावर होता तसाच घेतला.

टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, त्यामुळे बराच भार घराच्या करावर. हा कर १ जानेवारीला जागेवर जे उभं असेल त्याच्यावर लागतो. २०२३ च्या १ जानेवारीला आमच्या प्लॉटवर चार खुंट्या आणि चिखल होता. त्याची किंमत धरली ९० हजार. मे महिन्यात आम्ही किल्ल्या घेतल्या, पण त्या वर्षीचा कर लागला तो चिखलावर. लेंडर दर महिन्याला हप्त्यासोबत कराचे पैसे घेऊन एस्क्रो खात्यात साठवतो. तो हिशोब त्याने याच चिखलावरून केला आणि पुढच्या वर्षीही तसाच चालू ठेवला.

२०२४ च्या १ जानेवारीला मात्र तिथे घर होतं, दारावर तोरण होतं. मूल्यांकन साडेचार लाख.

त्याची नोटीस एप्रिलमध्येच आली होती. वर ठळक अक्षरांत, हे कराचं बिल नाही. मी आकडा बघितला, बायकोला म्हटलं, "बघ, घेतलं त्याच्या जवळपास किंमत धरलीय," आणि कागद खणात टाकला. १५ मेपर्यंत हरकत घेता येते हेसुद्धा त्याच कागदावर होतं.

आमचा दर शंभर डॉलरमागे जवळपास अडीच डॉलर. शहरात नसूनही इतका, कारण आमची वसाहत एमयूडीत येते, म्हणजे पाणी-सांडपाण्याचा स्वतंत्र जिल्हा. नळ, गटारं, रस्ते कर्जरोखे काढून बांधायचे आणि ते कर्ज तिथे राहायला येणाऱ्यांनी करातून फेडायचं. त्या अडीचातला एक डॉलर एमयूडीचाच. शाळेच्या करात राहत्या घराला २०२४ मध्ये १ लाखावर सूट होती, ती मी अर्ज करून घेतली होती, तरी वर्षाचा कर ९,९०० झाला. आम्ही जमा केले होते २,२५०. उरलेले ७,६५० लेंडरने भरले आणि ते बारा महिन्यांत आमच्याकडून वसूल करायला घेतले. महिन्याला ६३७ जुन्या खड्ड्याचे आणि ६३७ पुढे खड्डा पडू नये म्हणून. जुलै २०२५ मध्ये व्याजाची तिसरी पायरी आली आणि हप्ता ४,१८९ वर गेला.

तुम्ही म्हणाल, यात फसवणूक कसली? कागदात सगळं होतं. होतंच. एमयूडीची नोटीस कायद्याने द्यावीच लागते, तीही दिली होती, शंभरेक पानांच्या गठ्ठ्यात, फोनवर सही करायला. ऑफिसच्या लिफ्टमध्ये बोटाने केलेली ती सही माझीच. पण मी तोंडी विचारलं होतं, कर एवढा कमी कसा? "त्याची काळजी करू नका, लेंडर बघतो," हे उत्तर मला मिळालं होतं. रोज घरं विकणाऱ्या बाईला पुढच्या वर्षी काय होतं ते माहीत नव्हतं यावर माझा विश्वास नाही. मी याला फसवणूकच म्हणतो.

वाईट याचं वाटतं की आम्ही निष्काळजी नव्हतो. इथली माती आपल्या मराठवाड्यासारखी काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाया हलवते. म्हणून भिंती बंद व्हायच्या आधी स्वतःचा इन्स्पेक्टर आणला, त्याच्याकडून अकरा त्रुटी काढून घेतल्या, बिल्डरकडून दुरुस्त करवल्या. ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत माझा एक मित्र राहतो. त्याला सांगितलं तर तो हसायलाच लागला. "अरे, आमच्याकडे बेडरूम किती हे नंतर विचारतात. आधी एमयूडीचा दर."

आणि वडील. सौदा ठरला तेव्हा साताऱ्याहून फोनवर म्हणाले होते, "सातबारा बघितलास का?" मी म्हटलं, बाबा, इथे सातबारा नसतो. असतो! काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या साइटवर कुठलाही पत्ता टाका: मालक, दरवर्षीचं मूल्यांकन, कोणकोणते कर, सगळं फुकट दिसतं. आमच्या मागच्या गल्लीतली घरं वर्षभर आधी झालेली होती. त्यातल्या एकाचा पत्ता टाकला असता तर आमचा २०२४ चा आकडा २०२३ मध्येच दिसला असता. पाच मिनिटांचं काम.

परवा वसाहतीच्या पुढच्या टप्प्याच्या मॉडेल होममध्ये मुद्दाम गेलो. बाई नवीन, बाटली तशीच थंड, कागद तसाच रंगीत. कराच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा कर घराचा की नुसत्या जागेचा?"

तिने कागद स्वतःकडे वळवून बघितला. म्हणाली, "ते तुम्हाला आमचा लेंडर सांगेल."