पाहुणा कुत्रा: आपल्या घरी आणायचा का त्याच्या घरी जाऊन बघायचा?

मालक गावाला गेला की त्याचा कुत्रा सांभाळायचे हे दोन्ही प्रकार करून बघितलेत म्हणून सांगतो. आपल्या घरी आणला की चोवीस तास नजर राहते, फोटो पाठवता येतात, पण पहिली रात्र अवघड जाते ओ. शेजारच्या काकूंचा लॅब्रॅडॉर ब्रूनो आला तेव्हा रात्री दोनपर्यंत दाराला नाक लावून कुं कुं करत बसला, शेवटी त्यांच्याच घरातली जुनी सोलापुरी चादर आणून टाकली, ओळखीचा वास मिळाला तसा पाच मिनिटात घोरायला लागला.

दुसरं म्हणजे खाणं. आपल्याकडं ताटात शेंगाची चटणी असतीच, आणि त्यात लसूण, कुत्र्याला कांदा-लसूण दोन्ही घातक, रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यामुळं घरी येणाऱ्या प्रत्येकाला "काही देऊ नका रे" ओरडत बसावं लागतं. शिवाय रेबीज आणि बाकीच्या लशींचं कार्ड बघितल्याशिवाय, गोचिड तपासल्याशिवाय मी आत घेत नाही, मग मालक रुसला तरी चालेल.

त्याच्या घरी जायचं तर ही कटकट नाही, जागा त्याची, वास त्याचा. म्हातारा कुत्रा असेल तर मी हेच सांगीन. पण मे महिन्यात पारा 43 ला टेकलेला असताना दिवसातून तीन चकरा मारून बघा! फिरवणं सकाळी सातच्या आत, नाहीतर डांबरावर पंजे भाजतात. आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, शोभेची दारू उडते त्या रात्री त्याला एकटं सोडायचंच नाही, तेव्हा सरळ आपल्या घरी आणायचा.