खरकट्यावरचा गॅस : तिन्ही ऋतूंनंतर

इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या घरामागे पावसाळ्यात तरंगत्या टोपीचा (गॅस साठला की टाकीवरची टोपी वर उचलते, संपला की खाली बसते) एक घनमीटरचा बायोगॅस प्लँट बसवला. आता मे उजाडलाय. विक्रेता म्हणाला होता, "सिलिंडर विसरा." विसरू नका.

एक किलो ओल्या खरकट्यातून साधारण शंभर लिटर गॅस निघतो. शेजारच्यांचं धरून आमच्याकडे रोज दोनेक किलो जमतं, म्हणजे महिन्याला सहा घनमीटर. एक घनमीटर बायोगॅस जेमतेम साडेचारशे ग्रॅम एलपीजीच्या तोडीचा. तेव्हा १४.२ किलोच्या सिलिंडरचा पाचवा हिस्सा वाचतो, बस्स. सकाळचा चहा, दूध आणि पोहे निभतात; डाळ शिजायला लावली की टोपी खाली बसते.

तेही उन्हाळ्यात. मिथेन, म्हणजे बायोगॅसमधला जळणारा वायू, बनवणाऱ्या जीवाणूंना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरला तेव्हा टाकीला काळं प्लास्टिक गुंडाळलं, खरकटं कोमट पाण्यात कालवून घातलं, तरी गॅस निम्म्यावर आला.

सुरुवात ताज्या शेणाच्या काल्यानं करायची, कारण हे जीवाणू त्यात आयते असतात. पहिला गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइडच फार, सोडून द्यायचा. नेहमीची शेगडी चालत नाही, दाब कमी असतो, मोठ्या छिद्राचा बर्नर लागतो. ज्योत भकभकायला लागली की नळीत पाणी साचलं समजा. गॅसबरोबर वाफ येते ती नळीच्या खोलगट जागी थंड होऊन बसते. तिथे पाणी काढायचा कॉक आधीच मागून घ्या. आमच्या नळीला तो नव्हता, त्यामुळे कितीदा तरी नळी सोडून झटकावी लागली. बसवणाऱ्याला फोन केला की "उद्या येतो".

लिंबू-संत्र्याची सालं घालू नका. आणि पाहुण्यांवर लक्ष ठेवा! सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी काकूंनी उरलेला शिरा पातेलंभर ओतला. टाकीत आम्ल वाढलं, गॅस बंद. काही दिवस टाकीचं खाणं तोडून थोडा चुना घातल्यावर गाडी रुळावर आली.

शेणाऐवजी खरकट्यावर चालणारा असा छोटा प्लँट पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी घडवला. त्याला २००६ साली अॅशडेन हा हरित ऊर्जेसाठीचा ब्रिटनमधला पुरस्कार मिळाला. कल्पना अस्सल आहे, जाहिरात फुगवलेली.

पण इंदूरकरांनी आणखी एक विचार करावा. आपला ओला कचरा गाडीवाला रोज नेतोच, आणि देवगुराडियाला फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज ५५० टन कचऱ्यातून १७,००० किलो बायो-सीएनजी, म्हणजे गाड्यांत भरण्याजोगा शुद्ध केलेला बायोगॅस, बनवायची आहे. त्यावर सिटी बस धावतात. मग घरी टाकी कशाला? माझ्या मते बाग असेल तरच. टाकीतून बाहेर पडणारी पातळ स्लरी, म्हणजे कुजलेला काला, पाणी घालून कढीपत्त्याला, वांग्यांना दिली. खत विकत आणणं बंद झालं, आणि मला तरी खरा फायदा तोच वाटतो. फ्लॅटवाल्यांनी या भानगडीत पडू नये.