लढाईत कोणता क्लास सरस? अनेक महिन्यांच्या खेळानंतरचा हिशेब

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांनुसार आमचा गट गेले अनेक महिने एकच मोहीम खेळत आहे आणि तिच्यातील पात्रे पहिल्या लेव्हलपासून सातव्या लेव्हलपर्यंत पोहोचली आहेत. मधल्या काळात काही पात्रे मारली गेली, काहींना त्यांच्या खेळाडूंनीच निरोप दिला, त्यामुळे मूळ नियमपुस्तकातील बारा क्लासपैकी, म्हणजे पात्रांच्या प्रकारांपैकी, बहुतेक क्लास निदान काही लढायांपुरते तरी टेबलावर येऊन गेले. खेळणाऱ्यांमध्ये ‘सर्वांत बलवान क्लास कोणता’ हा वाद निघाला की एका पाळीत सरासरी किती डॅमेज (इजा) होतो, याचे तक्ते पुढे केले जातात. माझे मत असे झाले आहे की, दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या, दरम्यान किती लढाया होतात हे आधी ठरवल्याशिवाय त्या तक्त्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

पाचव्या लेव्हलचेच आकडे पाहा. मोठी दोनहाती तलवार घेतलेला, स्ट्रेंग्थ १८ असलेला फायटर (योद्धा) एका वारात सहा बाजूंचे दोन फासे अधिक ४, म्हणजे सरासरी ११ डॅमेज करतो. या लेव्हलला त्याला दुसरा वार मिळतो, म्हणून दोन्ही लागले तर २२. त्याच पाळीत विझर्ड (जादूगार) फायरबॉल टाकतो आणि २० फूट त्रिज्येच्या गोलात सापडलेल्या प्रत्येकाला सहा बाजूंच्या ८ फाशांचा, सरासरी २८ चा दणका बसतो. सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, साधला तर त्याच्या निम्मा. चार शत्रू सापडले आणि त्यांतील दोघे वाचले असे धरले, तरी बेरीज ८४ होते. बावीस विरुद्ध चौऱ्याऐंशी पाहून वाद संपला असे वाटते. परंतु या विझर्डकडे तिसऱ्या पातळीचे स्लॉट, म्हणजे फायरबॉलसारखी जादू टाकण्याच्या संधी, दिवसाला फक्त २ असतात आणि विसाव्यात स्लॉट परत मिळवून देणाऱ्या आर्केन रिकव्हरीतून फार तर आणखी १ मिळतो. फायटरची तलवार मात्र दिवसभर चालते आणि त्याचा ॲक्शन सर्ज, म्हणजे एका पाळीत आणखी एक ॲक्शन, प्रत्येक शॉर्ट रेस्टनंतर, म्हणजे तासाभराच्या विसाव्यानंतर, परत येतो.

डीएमसाठीच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीच्या, २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात एका दिवसात मध्यम ते कठीण अशा ६ ते ८ चकमकी आणि मध्ये साधारण २ शॉर्ट रेस्ट गृहीत धरल्या आहेत. सगळ्या क्लासचा तोल याच गृहीतकावर साधलेला आहे आणि प्रत्यक्षात नेमके हेच गृहीतक फारसे कोणी पाळत नाही, कारण एका बैठकीत दोन लढाया झाल्या तरी रात्र उलटून जाते आणि कथेला दिवसाकाठी आठ चकमकी सोसत नाहीत. आमच्याकडेही सुरुवातीला दिवसाला एकच मोठी लढाई व्हायची. त्या काळात विझर्ड आणि पॅलाडिन (पवित्र योद्धा) यांच्यापुढे बाकीचे केवळ साक्षीदार होते. पुढे डीएमने कथेत मुदती घातल्या (पौर्णिमेच्या आत विधी थांबवायचा, सैन्य पोहोचण्याआधी खिंड गाठायची) आणि ‘आता झोपू या’ हा पर्याय महाग केला. नियमांचे एक अक्षरही न बदलता क्लासची उतरंड बदलली.

पॅलाडिनच्या बाबतीत हे सर्वांत ठळकपणे दिसते. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे पहिल्या पातळीचे ४ आणि दुसऱ्या पातळीचे २ स्लॉट असतात. लांब तलवारीच्या वाराला, म्हणजे आठ बाजूंचा एक फासा अधिक ४ याला, दुसऱ्या पातळीचा स्लॉट खर्चून केलेल्या डिव्हाइन स्माइट या दैवी तडाख्याचे तसेच ३ फासे जोडले की एका वाराचे सरासरी २२ होतात आणि दोन वारांचे ४४. ॲक्शन सर्ज वापरणाऱ्या फायटरचे चारही वार लागले तरच तो याच ४४ वर पोहोचतो. शिवाय २०१४ च्या या नियमांत वार लागल्यानंतर स्माइट करायचा की नाही हे ठरवता येते, त्यामुळे पॅलाडिनचा स्लॉट कधीच हवेत जात नाही. क्रिटिकल (फाशावर २०) पडला की मगच तो तिजोरी उघडतो. एकाच लढाईच्या दिवशी त्याला तोड नाही. चौथ्या लढाईत मात्र तो चांगले चिलखत घातलेला साधा सैनिक असतो. तेव्हाही सहाव्या लेव्हलपासून मिळणारी त्याची संरक्षक ऑरा, म्हणजे १० फुटांतील प्रत्येक साथीदाराच्या सेव्हिंग थ्रोमध्ये त्याच्या करिश्म्याची भर, चालूच राहते. माझ्या मते हीच त्या क्लासची खरी किंमत आहे आणि डॅमेजच्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नसतो.

तक्त्याची ही मर्यादा मला दोन ट्रोल राक्षसांशी झालेल्या लढाईत सर्वांत स्पष्ट दिसली. पात्रे पाचव्या लेव्हलची होती, दिवसातील शेवटची लढाई होती आणि विझर्डकडे पहिल्या पातळीचा एकच स्लॉट उरला होता. ट्रोलचे एचपी, म्हणजे किती इजा सोसता येते तो आकडा, सरासरी ८४ असतात आणि आपल्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तो १० एचपी भरून काढतो. आगीचा किंवा ॲसिडचा डॅमेज झाला असेल तरच त्याच्या पुढच्या पाळीला हे भरून येणे थांबते. तो शून्यावर गेला तरी मरत नाही. शून्यावर असताना पाळी सुरू व्हावी आणि ती भरपाई होऊ नये, तरच तो मरतो. एक चावा आणि दोन पंजे सगळे लागले तर सरासरी २९ डॅमेज होतो. आमच्या विझर्डचे एकूण एचपी होते ३२. रेजमध्ये, म्हणजे घाव निम्मे करणाऱ्या त्वेषात, असलेल्या बार्बेरियनने हेच तिन्ही घाव घेतले, तेव्हा प्रत्येक घाव निम्मा होऊन त्याचे जेमतेम १३ गेले. त्यानंतर त्याने रेकलेस अटॅक सुरू केला. शत्रूच्या आर्मर क्लास (वार लागण्यासाठी गाठायचा आकडा) १५ विरुद्ध त्याची वार लागण्याची शक्यता एरवी ६५ टक्के असते. या अटॅकने मिळणाऱ्या ॲडव्हांटेजमुळे (दोन फासे टाकून मोठा घेणे) ती सुमारे ८८ टक्के होते. बदल्यात ट्रोललाही त्याच्याविरुद्ध ॲडव्हांटेज मिळतो. पण ट्रोलने त्याच्याकडेच पाहावे, हाच तर हेतू होता.

विझर्ड प्रत्येक पाळीला फायरबोल्ट टाकत होता. तो कॅन्ट्रिप (साधी जादू) असल्याने स्लॉट लागत नाही आणि त्याचा सरासरी ११ डॅमेज कोणाच्याही डोळ्यांत भरत नाही. परंतु तो लागला की ट्रोलचे भरून येणारे १० एचपीही वाचतात, म्हणजे त्या बोल्टची खरी किंमत २१ होते. क्लेरिकची (पुजारी क्लासची) सेक्रेड फ्लेम इथे उपयोगाची नव्हती, कारण तिचा डॅमेज आगीचा नसून रेडियंट असतो. पहिला ट्रोल फायटरच्या वाराने शून्यावर आला, नेमका त्याच फेरीत विझर्डचा बोल्ट चुकला, आणि ट्रोलच्या पाळीआधी उरला होता फक्त रोग (चोर) क्लासचा खेळाडू. त्याने कनिंग ॲक्शनमधील डॅश (धाव) बोनस ॲक्शन, म्हणजे त्याच पाळीतील जादा छोटी कृती, म्हणून वापरला, धावत जाऊन मुख्य ॲक्शनमध्ये पेटती मशाल ट्रोलवर मारली आणि आगीचा १ डॅमेज केला. एक म्हणजे एकच. ट्रोल उठला नाही. सरासरीच्या तक्त्यात रोगचा स्नीक अटॅक या लेव्हलला एका वाराचा १८ दाखवतो आणि म्हणून हा क्लास फायटरच्या खाली बसतो. पण बोनस ॲक्शनमध्ये धावण्याची, लपण्याची किंवा शत्रूच्या तावडीतून निसटण्याची मुभा दुसऱ्या लेव्हलपासून दर पाळीला, विनामूल्य आणि अमर्याद मिळते, हे त्या आकड्यात कुठेच मोजलेले नसते.

क्लेरिकविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो म्हणजे या क्लासचे काम मागे राहून जखमा बऱ्या करणे हे आहे. २०१४ च्या नियमांत क्युअर वूंड्स पहिल्या पातळीला आठ बाजूंचा एक फासा अधिक विझ्डमची भर इतकेच देतो. शत्रूचा एक चांगला घाव त्याहून मोठा असतो, तेव्हा चालू लढाईत बरे करत बसणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे. आमच्या क्लेरिकने हे लवकर ओळखले. साथीदार शून्यावर पडला तरच ती ६० फुटांवरून बोनस ॲक्शनमध्ये हीलिंग वर्ड टाकून त्याला उभे करत असे. एरवी स्पिरिट गार्डियन्स ही भोवतालच्या शत्रूंना इजा करणारी जादू चालू ठेवून शत्रूंच्या घोळक्यात शिरत असे. आठ बाजूंचे ३ फासे, तेही प्रत्येक शत्रूला आणि प्रत्येक फेरीत, आणि त्यांचा वेग निम्मा. एका स्लॉटमध्ये पूर्ण लढाई निघते, अट एवढीच की कॉन्सन्ट्रेशन (जादूवरचे लक्ष) टिकले पाहिजे, म्हणजे घाव बसला की १० किंवा डॅमेजच्या निम्मे, यांतील जे मोठे असेल तेवढे फाशावर आणावे लागते. दीर्घ दिवसासाठी मी एकच क्लास निवडायचा झाला, तर हाच निवडेन.

वॉरलॉक या जादू करणाऱ्या क्लासची सारी मदार शॉर्ट रेस्टवर आहे. दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्या लेव्हलपर्यंत त्याच्याकडे फक्त २ स्लॉट असतात आणि ते शॉर्ट रेस्टमध्ये परततात. ज्या गटाला तासभर थांबण्याची सवय नाही, त्या गटात हा खेळाडू दुसऱ्या पाळीपासून एल्ड्रिच ब्लास्ट या कॅन्ट्रिपशिवाय काही करत नाही. मंकचेही थोडेफार तसेच आहे. शिवाय शत्रूला सुन्न करणाऱ्या त्याच्या स्टनिंग स्ट्राइकला कॉन्स्टिट्यूशनचा (दणकटपणाचा) सेव्हिंग थ्रो लागतो आणि नेमक्या ज्या दांडग्या राक्षसांना थांबवायचे असते त्यांचाच तो चांगला असतो. रेंजर आमच्याकडे अल्पकाळ होता. धनुष्य घेतलेल्या फायटरहून तो लढाईत फार वेगळा वाटला नाही.

ड्रुइडबद्दलची माझी तक्रार ताकदीची नाही, वेळेची आहे. प्राणी बोलावणाऱ्या कॉन्जर ॲनिमल्समधून आठ लांडगे आले की आठ हल्ले होतात, प्रत्येकाला ॲडव्हांटेज म्हणून सोळा फासे पडतात आणि जो लागेल त्यानंतर शत्रू कोसळतो का याचा सेव्हिंग थ्रो वेगळा होतो. लढाई जिंकली जाते, पण बाकीचे खेळाडू भिंतीकडे पाहत बसतात. क्लास निवडताना आपली पाळी किती वेळ खाईल, याचाही विचार व्हावा. नवख्या खेळाडूला बार्बेरियन द्यावा असे मी म्हणतो, त्याचे अर्धे कारण हेच आहे.

ही ओढाताण आजची नाही. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला, तेव्हा योद्धा, जादूगार आणि क्लेरिक असे तीनच क्लास होते. चोराचा क्लास १९७५ च्या पुरवणीत आला. दिवसाला मोजून मिळणारी जादू आणि कधीही न संपणारी तलवार ही विभागणी तेव्हापासूनची आहे, आणि ‘दिवस’ किती लांब ठेवायचा हे तेव्हाही पडद्यामागे बसलेल्या माणसाच्याच, म्हणजे डीएमच्याच, हाती होते.

२०२४ च्या सुधारित नियमांनी यातील काही गोष्टी बदलल्या आहेत आणि आमच्या गटाने त्या सध्या चालू मोहिमेच्या बाहेर, एकेका सुट्या साहसात खेळून पाहिल्या. डिव्हाइन स्माइट आता बोनस ॲक्शनने टाकायचा स्पेल असल्याने एका पाळीत एकदाच होतो. आमच्या पॅलाडिनच्या खेळाडूला हे अजून पचलेले नाही. क्युअर वूंड्सचे फासे दुप्पट झाल्यामुळे लढाईत बरे करणे आता निदान विचार करण्याजोगे आहे. कॉन्जर ॲनिमल्समधून आठ वेगळे प्राणी येत नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर आणि रोग यांना वेपन मास्टरी मिळाली आहे, त्यामुळे नुसता ‘मी वार करतो’ यापलीकडे त्यांच्या पाळीत शत्रूला ढकलणे, पाडणे किंवा त्याचा वेग कमी करणे आले. मात्र विझर्डचे दिवसाचे स्लॉट आणि फायटरची न संपणारी तलवार यांतील अंतर नव्या पुस्तकातही तसेच आहे, म्हणून नवी मोहीम सुरू होताना मी पात्र बनवण्यापूर्वी डीएमला एकच प्रश्न विचारणार आहे: झोपायला मिळेपर्यंत साधारण किती वेळा लढावे लागेल? उत्तर ‘एकदा’ असेल तर पॅलाडिन, ‘चारदा’ असेल तर क्लेरिक.