मोपा विमानतळ ते मालवणचं हॉटेल: आगाऊ ठरवलेल्या गाडीचा आठ महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारी ते सप्टेंबर या आठ महिन्यांत मी अकरा वेळा बंगळूरहून मोपाला उतरलो आणि तिथून मालवणला गेलो. फिरायला नव्हे. गावच्या घराचं छप्पर उतरवलं होतं. वासे वाळवीने पोखरलेले, निम्मी कौलं फुटकी, आणि मिरगाच्या आत सगळं पुन्हा चढवायचं होतं. उघड्या घरात राहणार कुठे, म्हणून प्रत्येक खेपेला मुक्काम मालवणच्या बाजारपेठेजवळच्या एका साध्या हॉटेलात. एकच रस्ता उन्हात, पावसात, रात्री-अपरात्री इतका झाला की आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही.

हिशेब आधी सांगतो. पहिल्या खेपेला विमानतळावर उतरून काउंटरवरून टॅक्सी घेतली. पुढच्या पाच वेळा एका बुकिंग ॲपवरून आधीच गाडी ठरवली, त्यातली एक पार फसली. शेवटच्या पाच खेपा कुडाळच्या एका चालकाला थेट फोन करून, फक्त त्यातली चतुर्थीची एक पुन्हा ॲपवरून.

चिपी का नाही, असं घरचे प्रत्येक वेळी विचारतात. सिंधुदुर्गचा विमानतळ 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला, मालवणला तोच जवळ, सगळं खरं. पण तिथली विमानं मोजकी आणि त्यांच्या वेळा माझ्या रजेशी कधीच जुळल्या नाहीत. मोपाला बंगळूरहून विमानांची ददात नाही. मोपा गोव्यात, पण पेडणे तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच. बांदा, सावंतवाडीचा बायपास, झाराप, कुडाळ, मग हायवे सोडून नेरूरपार, धामापूर, चौके आणि मालवण. पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत चहाला थांबलं तर दोन तास धरावेत.

काउंटरच्या टॅक्सीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रांग होती, दर चढा होता, आणि "मालवण" म्हटल्यावर खिडकीतल्या माणसाने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग पावती फाडली. मी गेलो तेव्हा गोव्यात ओला-उबर नव्हत्या, त्यामुळे उतरल्यावर फोन काढून पाच मिनिटांत गाडी बोलवू या भ्रमात राहू नका. एकट्याने, दिवसाढवळ्या, हातात एक बॅग असेल तर काउंटर चालतं. माझी विमानं बहुतेक संध्याकाळची.

मग ॲप. त्याची पद्धत अशी की विमानाचा नंबर द्यायचा, हॉटेलचं नाव नकाशावर दाखवायचं, पैसे आधीच भरायचे. चालक नावाची पाटी घेऊन बाहेर उभा राहतो, आणि विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून एक तास थांबण्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. चोवीस तास आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत. मी सेडानला एका बाजूचे 4,150 रुपये भरत होतो. महाग आहे. पण जूनमधल्या एका रात्री ते वसूल झाले, हे मान्य करायलाच हवं.

त्या रात्री पाऊस असा होता की विमान मोपाच्या वर घिरट्या घालत राहिलं आणि शेवटी परत बंगळूरला गेलं. तेल भरून पुन्हा निघालो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते. मी कोणालाही काही कळवलं नव्हतं. फोनची बॅटरी चार टक्क्यांवर. बाहेर आलो तर एक पोरगा पाटी धरून उभा. पाटी कसली, कालनिर्णयचं गेल्या महिन्याचं पान उलटं करून त्यावर स्केचपेनने माझं नाव, शेवटचं अक्षर जागा संपल्यामुळे खाली लोंबतंय. विमान कुठे आहे हे त्याला ॲपवरून कळत होतं म्हणे. धामापूरच्या बाजूला त्याने गाडी तिशीवर आणली आणि एकदा तर चक्क थांबवली. पुढे रस्त्याच्या कडेला गवा उभा होता. हलेना. आम्ही दिवे मंद करून बसलो, त्याने आमच्याकडे बघितलं, मग सावकाश झाडीत गेला. हॉटेलवर पोचलो तेव्हा दीड वाजला होता.

हेच ॲप एप्रिलमध्ये मात्र तोंडावर आपटलं होतं. मी बाहेर येऊन उभा, पाट्या वाचतोय, माझं नाव कुठेच नाही. चालकाला फोन लावला.

"भाऊ, मी बाहेर आलोय, तुम्ही कुठे?"

"मी गेटासमोरच आसंय. तुमी खंय?"

"मीही गेटासमोरच."

असं तीन-चार वेळा झाल्यावर त्याने विचारलं, "समोर नेव्हीची भिंत दिसता मा?" तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तो दाबोळीला उभा होता. गोव्यात दोन विमानतळ आहेत. जुना दाबोळीचा, नौदलाच्या ताब्यातला. आणि 5 जानेवारी 2023 पासून विमानं उतरायला लागली तो मोपाचा, मनोहर आंतरराष्ट्रीय. तिकिटावर दाबोळीला जीओआय आणि मोपाला जीओएक्स असतं. दोघांमध्ये दीड तासाचं अंतर. मी बुकिंग बरोबर केलं होतं, विमानाचा नंबरही होता, पण ॲपने काम दिलं एका एजन्सीला, एजन्सीने दिलं चालकाला, आणि या साखळीत कोणीतरी नुसतं "गोवा एअरपोर्ट" एवढंच पुढे ढकललं. त्या बिचाऱ्याची काय चूक?

मदतकेंद्राला फोन केला तर पलीकडची बाई गोड इंग्रजीत पंधरा मिनिटं थांबा म्हणाली. पंधरा मिनिटांनी दुसऱ्या बाईनेही पंधरा मिनिटंच सांगितली. मी 3,900 रुपये मोजून काउंटरची टॅक्सी घेतली. ॲपचे पैसे नऊ दिवसांनी परत आले, टॅक्सीच्या पैशांबद्दल मात्र शेवटपर्यंत "आम्ही दिलगीर आहोत". तेव्हापासून गाडी कोणाचीही असो, आदल्या संध्याकाळी चालकाला स्वतः मेसेज करतो: "मोपा. पेडण्यातला. दाबोळी नव्हे." हसतात लोक. हसू देत.

मे महिन्यात आईला घेऊन गेलो. छप्पर चढताना तिला बघायचं होतं, आणि आंबे संपण्याआधी जायचं होतं. तिचं वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, बरोबर घडीची व्हीलचेअर. ॲपवर सेडानपुढे लिहिलं होतं: तीन माणसं, तीन बॅगा. आम्ही दोघं, दोन बॅगा आणि खुर्ची, म्हणजे बसायला हवं. गाडी आली, डिकी उघडली, आणि आत सीएनजीची टाकी ऐसपैस पसरलेली. उरलेल्या जागेत एक बॅग आणि एक छत्री. वर कॅरिअरही नाही. शेवटी खुर्ची पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवली, दुसरी बॅग माझ्या मांडीवर. आई म्हणाली, "खुर्चीला पुढची जागा मिळाली, नशीब तिचं." ॲपच्या चित्रात डिकी नेहमी रिकामी असते, टाकी कोणी दाखवत नाही. सामान जास्त असेल तर सीएनजी की डिझेल हे आधी विचारा, नाहीतर सरळ कॅरिअरवाली अर्टिगा मागा.

त्याच खेपेला इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबवली. गोव्याहून महाराष्ट्रात येणाऱ्या गाड्यांमध्ये दारू आहे का हे तिथे उत्पादन शुल्कवाले बघतात. शिपायाने पिशवीत हात घातला आणि तपकिरी बाटली बाहेर काढली. झाकण उघडून वास घेतला. महानारायण तेल! त्याने इतक्या घाईने झाकण लावलं की आई पुढे चौक्यापर्यंत हसत होती. ज्यांचं गोव्यातलं "सामान" खरंच तेल नसतं त्यांनी मात्र हे लक्षात ठेवावं. ठरवलेली गाडी असली तरी नाका टळत नाही, आणि बाटली सापडली तर गाडीवाल्यालाही ताप होतो.

ॲप सोडलं ते या प्रसंगांमुळे नाही. सोडलं ते जूनमध्ये एका चालकाशी झालेल्या गप्पांमुळे. हा कुडाळचा, गाडी एमएच 07, पिवळी पाटी. मी 4,150 भरले होते, त्याच्या हातात पडणार होते 2,600, त्यातून डिझेल आणि पार्किंग. मी म्हटलं, परवडतं कसं? तो म्हणाला, "मोपाक येताना भाडां गावला तर परवडता. रिकामी गाडी घेवन मोपाक जावचा म्हटल्यार डिझेलाचो खर्च कोण देतलो?"

या रस्त्याचं सगळं गणित त्या एका वाक्यात आहे. सिंधुदुर्गातला चालक सकाळी कोणालातरी मोपाला सोडायला जातो आणि येताना बहुतेक वेळा रिकामा येतो. गोव्याच्या गाडीचं उलटं. ती मालवणला सोडून रिकामी परत जाते. म्हणूनच काउंटरवाला मालवण म्हटल्यावर आठ्या घालतो आणि जाण्या-येण्याचे पैसे लावतो. ॲपवाल्याला यातलं काही दिसत नाही, तो किलोमीटर मोजतो आणि मध्ये स्वतःचा वाटा ठेवतो. तुमची येण्याची वेळ अशा चालकाच्या परतीच्या फेरीशी जुळली, तर दोघांचंही भलं होतं.

तेव्हापासून मी त्यालाच फोन करतो. चार दिवस आधी विमानाची वेळ कळवायची, तो त्या दिवशीचं सोडायचं भाडं बघतो. जुळलं तर 2,800, नाही जुळलं तर 3,300. पैसे हॉटेलवर उतरल्यावर यूपीआयने. आगाऊ पैसे तो घेत नाही, पण सगळं मेसेजवर लिहून मागतो: तारीख, विमान, माणसं किती, बॅगा किती, उतरायचं कुठे. कोणी अडवून विचारलं तर आधीचं बुकिंग आहे हे दाखवता येतं, असं त्याचं म्हणणं. पार्किंगची पावती माझ्याकडे, टोल त्याच्याकडे, हेही पहिल्याच दिवशी ठरलं. हे दोन मुद्दे तोंडी ठेवले की उतरताना तोंडं वाकडी होतात.

हॉटेल शोधण्याचा त्रासही संपला. ॲपच्या नकाशावर आमच्या हॉटेलची खूण भलतीकडेच, तारकर्लीच्या रस्त्यावर होती. दोनदा चालक मला तिकडे घेऊन गेले आणि समुद्राचा आवाज यायला लागल्यावर मी जागा झालो. याला "भरडावरून खाली, बाजाराच्या तोंडाशी" एवढं सांगितलं की पुरे. बाजारपेठेतला रस्ता अरुंद, संध्याकाळी मासळीच्या वेळेला इनोव्हा आत घालणं म्हणजे शिव्या खाणं. तो गाडी अलीकडे लावतो आणि बॅग स्वतः उचलून हॉटेलच्या पायरीपर्यंत आणून देतो.

दोष त्याच्यातही आहेत. विमान उशिरा असेल तर ते मीच कळवायचं, त्याच्याकडे कुठलं यंत्र नाही. ऑगस्टमध्ये मी कळवायला विसरलो आणि तो अडीच तास बसून राहिला. काही बोलला नाही, पण कुडाळपर्यंत रेडिओही लावला नाही. मी पाचशे जास्त दिले तेव्हा कुठे गाडीत आवाज आला. दुसरं म्हणजे त्याची गाडी एकच. ती गॅरेजला असेल तर तो मेहुण्याला पाठवतो. एकदा मेहुण्याची म्हणून आलेली गाडी पांढऱ्या पाटीची निघाली. मी बसलो नाही. खाजगी गाडीत भाड्याने बसलं आणि वाटेत काही झालं तर विमा कंपनी हात वर करते, हे मला माझ्या ऑफिसातल्या एका प्रकरणाने पुरतं शिकवलंय. तासभर थांबून दुसरी गाडी आली. तो थोडा रागावला, पण पुन्हा पांढरी पाटी पाठवली नाही.

आणि चतुर्थी. गणपतीच्या आधीचे दोन दिवस कोकणात गाडी मागणं म्हणजे देवाकडेच मागणं. मी पंधरा दिवस आधी फोन केला तरी तो म्हणाला, "चतुर्थीक माझी गाडी माझ्या घराकडे." ॲपवर गाडी दाखवत होती, दर 6,400. मी मुकाट्याने भरले. चालक आला तो बेळगावचा, रस्ता त्याला ठाऊक नाही, नेरूरपारला नेटवर्क गेल्यावर नकाशा बंद. मग मीच पुढे बसून डावीकडे-उजवीकडे करत नेलं.

म्हणून मी अजूनही ॲप फोनवरून काढलेलं नाही. पहिल्यांदाच येणाऱ्याने, रात्रीच्या विमानाने, ओळखीचं कोणी नसताना ॲपच घ्यावं असं मी सांगेन, फक्त विमानतळ दोनदा तपासा आणि डिकीबद्दल विचारा. दोन-तीन खेपा होणार असतील तर येताना चालकाचा नंबर आठवणीने मागून घ्या.

छप्पर झालं. नोव्हेंबरात जाईन तेव्हा हॉटेल नाही, थेट घरी. परवा कुडाळच्या चालकाला तारीख कळवली, तर उलट त्याचाच आवाजातला मेसेज आला: "येवा. विमानाचो नंबर धाडा. आणि मोपा काय दाबोळी, ता लिवन पाठवा."