50 वॉटचा यूव्ही फ्लड: घरी स्क्रीन एक्स्पोज करायला पुरतो का?

12 × 16 इंचांपर्यंतच्या फ्रेमसाठी पुरतो, आणि चांगला पुरतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये फ्रेमवर ताणलेल्या जाळीला उजेडाने पक्कं होणाऱ्या इमल्शनचा थर (कोटिंग) लावतात, त्यावर पारदर्शक कागदावरचं काळं चित्र म्हणजे पॉझिटिव्ह ठेवतात आणि उजेड देतात. हेच एक्स्पोज करणं. काळ्याखालचा थर कच्चा राहून धुताना निघतो. यूव्ही फ्लड म्हणजे अतिनील उजेडाचा झोतदिवा. उन्हात स्क्रीन एक्स्पोज करून उत्तम पत्रिका छापणारे कारागीर आहेत, त्यांचा हात बसलेला असतो. पण सकाळी दहाचं ऊन वेगळं, दुपारी दोनचं वेगळं, त्यात मध्येच ढग. शिकणाऱ्याला दर वेळी तेवढाच उजेड हवा, नाहीतर चूक कोटिंगची की वेळेची हे कळतच नाही. हा दिवा तो उजेड देतो.

घेताना 395 ते 405 नॅनोमीटर असं लिहिलेलं पाहावं आणि एलईडी एकाच चौकोनात गच्च बसवलेला घ्यावा. सुटे ठिपके पसरलेल्या पॅनेलचा उजेड अनेक कोनांतून येऊन काळ्या रेषेच्या कडेखाली शिरतो, बारीक अक्षरं बुजतात. दिवा काचेपासून 45 सेंमीवर टांगावा. जवळ आणला तर मधला भाग पक्का होतो आणि कोपरे कच्चे राहतात. अंतर दुप्पट केलं तर वेळ चौपट, म्हणून उंचीची खूण कायमची करून ठेवावी.

इमल्शन डायझोचंच घ्यावं; डायझो म्हणजे त्यात मिसळायचं, उजेडाने थर पक्का करणारं रसायन. त्याच कामाचं बायक्रोमेट स्वस्त असलं तरी विषारी आहे, मोरीत सोडण्याची वस्तू नाही. शिवाय बायक्रोमेटचा थर लावलेली स्क्रीन अंधारातही आपोआप कडक होत जाते. टी-शर्टसाठी सेंटिमीटरला 43 ते 55 धाग्यांची जाळी, इमल्शनचा बाहेरून एक हात, आतून एक हात, मग छपाईची म्हणजे बाहेरची बाजू खाली करून आडवी सुकवायची. पावसाळ्यात घाई नडते: ओलसर थर कितीही उजेड दिला तरी पक्का होत नाही, धुताना सालीसारखा निघतो. बंद खोलीत पंखा लावून रात्रभर ठेवावी.

एक्स्पोज करताना छपाईची बाजू वर, फ्रेमच्या आत काळा फोम, जाळीवर पॉझिटिव्ह शाईची बाजू खाली करून, वर 5 मिमीची साधी काच. वरून अक्षरं उलटी दिसली पाहिजेत. लेझर प्रिंटरने ट्रेसिंग पेपरवर काढलेला पॉझिटिव्ह ट्यूबलाइटसमोर धरावा. काळ्यातून उजेड झिरपत असेल तर दोन प्रती तंतोतंत जुळवून चिकटवाव्यात.

विक्रेत्याने सांगितलेल्या वेळेवर मात्र विसंबू नये, कारण त्याला तुमची जाळी आणि थर माहीत नसतो. एका स्क्रीनचे पाच पट्टे करावेत. दर 2 मिनिटांनी पुठ्ठा एकेक पट्टा पुढे सरकवला की 2, 4, 6, 8, 10 मिनिटं मिळतात. निळ्या इमल्शनमध्ये डायझोचा पिवळा मिसळून थर हिरवट दिसतो. उजेडाने पिवळा उडतो आणि निळा उरतो. शेजारच्या दोन पट्ट्यांतला रंगाचा फरक जिथे संपतो, त्यांतला कमी वेळेचा पट्टा ती तुमची वेळ. आता दोन्ही बाजू भिजवून 2 मिनिटं थांबावं, मग हलका फवारा मारावा. आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर वेळ कमी पडली, कारण उजेड बाहेरून येतो आणि आतला थर शेवटी पिकतो. बारीक रेषा उघडल्याच नाहीत तर जास्त झाली. पांढरी जाळी उजेड विखुरते, बारीक कामाला पिवळी घ्यावी.

16 × 20 च्या फ्रेमला हा दिवा घेऊ नये, कडा कच्च्या राहतात. दाट हाफटोनलाही, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या चित्रालाही, नुसत्या काचेचा दाब अपुरा पडतो, तिथे हवा ओढून पॉझिटिव्ह घट्ट दाबणारा व्हॅक्यूमच लागतो. आणि दिवा चालू असताना त्याकडे पाहू नये, यूव्हीचा चष्मा सोबतच मागवावा.