गूगलचा कॅश सर्व्हर विकत मिळत नाही

गूगल किंवा नेटफ्लिक्सचा कॅश सर्व्हर, म्हणजे त्यांचे व्हिडिओ ग्राहकांच्या जवळच साठवून ठेवणारा कॉम्प्युटर, पैसे घेऊन बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. आम्ही चौघांनी त्याला आत बसवून चहा पाजला आणि ३१ लाख रुपये घालवले.

आम्ही चौघंही मूळचे केबलवाले. धायरी, नऱ्हे, खेड शिवापूर, नसरापूर असा पुण्याजवळचा आमचा पट्टा, आणि सगळे मिळून इंटरनेटची नऊ हजारांच्या आसपास कनेक्शन. रात्री आठ ते अकरा ट्रॅफिक १८ जीबीपीएसपर्यंत (सेकंदाला १८ गिगाबिट) चढतं, त्यातलं बहुतेक व्हिडिओचं. तीच मॅच, तीच रील शंभर घरांत बघितली की शंभर वेळा मुंबईहून ओढायची आणि त्या लिंकचं भाडं भरायचं. तोच व्हिडिओ देणारा सर्व्हर आपल्या भागात, आपल्याच खोलीत असला तर मुंबईचं भाडं वाचतं. एज डेटा सेंटर म्हणतात ते हेच. कल्पना चांगली आहे, मी आजही तेच म्हणेन. म्हणूनच आम्ही गळाला लागलो.

तो माणूस ओळखीतून आला. बोलणं गोड, प्रत्येकाला ‘दादा’. हातात जाड फाईल, त्यात कोल्हापूरकडच्या एका खोलीचे फोटो: रॅक, निळे दिवे, नीट बांधलेल्या केबल. ‘हे आपणच केलंय दादा.’ खोली कुणाची, मालकाचा नंबर काय, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मग त्याने लॅपटॉपवर दाखवलं की तुमचा पिंग, म्हणजे सिग्नल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, ४० मिलिसेकंदांवरून २ वर येईल. इथेच आम्ही सावध व्हायला हवं होतं. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. मुंबई इथून दीडशे किलोमीटर. लाईन कितीही वळणं घेत गेली तरी आमचा मुंबईचा पिंग आधीपासून ४ होता, आणि तो आकडा आम्ही रोज बघत होतो. एज सेंटरने आमचा पिंग फारसा सुधारणार नव्हता, मुंबईच्या लिंकचं भाडं वाचणार होतं. ज्याला हा फरक माहीत नाही किंवा जो तो लपवतो, त्याच्या हाती खोली द्यायची नसते.

ठरलं ४६ लाखांना. रॅक, यूपीएस, बॅटऱ्या, एसी, जनरेटर, आणि ‘गूगलचे दोन आणि नेटफ्लिक्सचा एक कॅश, परवानगीसकट’. परवानगीचेच त्याने १२ लाख लावले होते.

आता हे नीट वाचा. हे सर्व्हर त्या कंपन्या पात्र आयएसपीला, म्हणजे आमच्यासारख्या इंटरनेट देणाऱ्याला, फुकट देतात. नेटफ्लिक्सने तर २०१२ मध्येच ओपन कनेक्ट या नावाने ही योजना जाहीर केली. आपण द्यायची ती जागा, वीज आणि नेटवर्क. अर्ज आयएसपीने स्वतःच्या एएस नंबरवर (इंटरनेटवर आपल्या नेटवर्कची ओळख असलेला नंबर), स्वतःच करायचा. ट्रॅफिक पुरेसं असेल तर मिळतो, नसेल तर कुणाच्या ओळखीने मिळत नाही. मधे दलाल नाही आणि परवानगीची फीही नाही. ही माहिती त्या कंपन्यांच्या साइटवर उघड पडलेली आहे. आम्ही ती वाचली ३१ लाख गेल्यावर.

सर्व्हर आले, पुढच्या जाळीवर रंगीत स्टिकर लावलेले. ‘गूगलची टीम रिमोटने चालू करेल’ म्हणत त्याने सहा आठवडे काढले. रोज रात्री मुंबईच्या लिंकचा ग्राफ मात्र तसाच माथ्याला टेकलेला. शेवटी मुंबईतल्या एका जुन्या मित्राला दाखवलं. त्याने एकच विचारलं, ‘याचं बीजीपी सेशन कुठंय?’ कुठले ग्राहक आपले, हे गूगलच्या कॅशला आपला राउटर बीजीपीवरून, म्हणजे नेटवर्कांनी एकमेकांना पत्ते कळवायच्या पद्धतीने, सांगतो. आमच्या राउटरवर तसं सेशन बांधलेलंच नव्हतं. जाळी काढली तर आत जुने, वापरून फेकलेले सर्व्हर, एकात तर डिस्कच नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी महावितरणची लाईट गेली. जनरेटर अजून आलाच नव्हता. दहा केव्हीएच्या यूपीएसवर १६ बॅटऱ्या, प्रत्येकीवर १०० एएचचं (अँपिअर-अवर, बॅटरीची साठवण) लेबल, लोड जेमतेम साडेचार किलोवॅट. दोन तास सहज निघायला हवे होते. ३५ मिनिटांत खोली बंद आणि नऊ हजार घरांचं नेट गेलं. बॅटऱ्या तपासायला खाली काढल्या, तर आमचा लाईनमन पोरगा एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी घेऊन सरळ चालत आला. मी बघतच राहिलो. १०० एएचची बॅटरी तीस किलोच्या आसपास भरते, ती अशी पिशवीसारखी उचलली जात नाही. लेबलचा कोपरा नखाने उचकटला. खाली दुसरं लेबल, ४२ एएच, चार वर्षांपूर्वीचं. सोळाच्या सोळा तशाच. माल उतरताना एक जरी काट्यावर ठेवली असती तरी तिथेच कळलं असतं.

बिलाचंही तेच. आमच्या सीए मॅडम दुसऱ्याच महिन्यात म्हणाल्या होत्या, ‘याचं बिल जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांनी भरलेली बिलं दाखवणारं जीएसटीचं विवरण) दिसत नाही, पुढचे पैसे थांबवा.’ म्हणजे त्याने आमच्याकडून १८ टक्के जीएसटी घेतला, पण ते बिल सरकारला दाखवलंच नाही. तो म्हणाला, ‘रिटर्न उशिरा भरलंय दादा.’ आम्ही मॅडमचं न ऐकता त्याचं ऐकलं आणि नऊ लाखांचा पुढचा हप्ता सोडला. याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

तगादा लावल्यावर त्याने सहा लाखांचा चेक दिला. चेक न वटता परत आला. ‘थांबा, पुन्हा टाका’ असं तो आठवडाभर सांगत होता. थांबू नका. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेक त्या वेळी परत आल्यावरून चेक बाऊन्सच्या कलम १३८ खाली केस उभी राहत नाही. आमची नोटीस २६व्या दिवशी गेली. चौकीत आधी ‘हा दिवाणी वाद आहे’ असं ऐकावं लागलं. लेबलांचे फोटो, ग्राफ आणि डिस्क नसलेला सर्व्हर असं सगळं मांडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली अर्ज घेतला. तपास चालू आहे. पैसे अजून एकही रुपया आलेले नाहीत.

कॅशचा अर्ज आता आम्ही स्वतः केलाय, फी शून्य.

परवा कराडहून एका ऑपरेटरचा फोन आला. त्याच्याकडे एकजण फाईल घेऊन आला होता, पुण्यात केलेल्या कामाचे फोटो दाखवत. याने शहाणपणा केला, फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवले. हिरवं लोखंडी दार, दाराशेजारी गणपतीची टाइल, खाली सोळा बॅटऱ्यांची रांग. ती खोली आमची आहे. हे फोटो तुमच्याकडे आले तर आधी नऱ्ह्याला येऊन ती खोली बघून जा.